कंसातला आकडा आणि म्हापशाचा कॅल्क्युलेटर

जुन्या कॅल्क्युलेटरची पाचाची कळ पावसाळ्यात बसली ती उठलीच नाही. ट्यूशनची पोरं हसायला लागली, म्हणून गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून नवा सायंटिफिक आणला. दुकानदाराने सेल घातला, दोन अधिक दोन केलं आणि म्हणाला, "पळय, चार!" मी म्हटलं, थांब रे बाबा, आणि माझा ठरलेला आकडा घातला: ४२९४९६७२९७.

वांगं घेताना दाबून बघतात, तसा मी कॅल्क्युलेटर घेताना हा आकडा दाबून बघते. दहा अंकी, पडद्यावर जेमतेम मावणारा. दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक. सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटायचं ही मूळ संख्या आहे. १७३२ साली ऑयलर या गणितज्ञाने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं. शेवटचे तीन अंक बघा, २९७. त्याचा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ पुन्हा २९७. अशा संख्यांना देवळालीच्या गणितवेड्या कापरेकर मास्तरांचं नाव आहे; ती अशी शेपटाला बसलेली बघून मला दर वेळी बरं वाटतं.

शिफ्ट दाबून अंश-मिनिटांची कळ दाबली की मूळ अवयव पडतात. आलं: ६४१ × (६७००४१७). दुकानदाराने कंसावर बोट ठेवलं. "हें पाड जालां?"

बिघडलं काही नव्हतं. हे यंत्र हजाराच्या आतलेच मूळ अवयव चाळतं. हजारानंतरची पहिली मूळ संख्या १००९. चाळून उरलेला आकडा तिच्या वर्गाहून, म्हणजे १०१८०८१ हून लहान असेल, तर तो मूळच असणार, म्हणून तसाच छापतं. त्याहून मोठा उरला की कंसात टाकून हात वर करतं. ही प्रामाणिक खोड मला फार आवडली.

उरलेलं काम डिचोलीच्या बसमध्ये केलं. ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलंय की माझ्या ठरलेल्या आकड्याचा प्रत्येक मूळ अवयव १२८ च्या पटीहून एकाने मोठा असतो. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या किंचित वर, म्हणजे तिथवर तपासलं की पुरे. हजारापर्यंतचं यंत्राने आधीच चाळलेलं, त्यामुळे तपासायला दोनच मूळ संख्या उरल्या: ११५३ आणि १४०९. पहिलीने भागून बाकी ३३४, दुसरीने ६२२. अस्नोडा यायच्या आत कंस सुटला. आतली संख्या मूळच.

मग ठरलेल्या आकड्यातून दोन वजा करून ४२९४९६७२९५ घातला. ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७, कंस कुठेच नाही! फर्माच्या पद्धतीच्या (दोनाचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा असा घात अधिक एक) आजवर माहीत असलेल्या मूळ संख्या एवढ्याच पाच, आणि पाचही एका ओळीत. नववीतल्या पोरांना हेच दाखवायचं होतं.

तक्रारी आहेत. ठरलेल्या आकड्याचा वर्ग केला तर १.८४४६७४४०८ × १०^१९ एवढंच दिसतं. खरं उत्तर १८४४६७४४०८२२९९४८६२०९, म्हणजे अर्धे अंक गिळले. सरकतं झाकण सैल आहे. बरोबरच्या चिन्हाची (=) कळ तर दुसऱ्याच दिवशी अडायला लागली. फोन केला तर म्हणे बिल घेऊन ये. बिल त्याने दिलंच नव्हतं, बिलबुक घरी राहिलंय म्हणाला होता.

यंत्राला पाचात चार. दुकानाला दीड, तेही सेल फुकट घातला म्हणून.