जुन्या इंजिनात डिकोडर बसवावा की सॉकेट असलेले इंजिन घ्यावे?

घरात डीसीवर (साध्या एकदिश प्रवाहावर) चालणारी तीन-चार मॉडेल रेल्वे इंजिने आहेत आणि आता डीसीसीकडे (डिजिटल कमांड कंट्रोलकडे) वळायचे आहे, अशा वेळी बहुतेक जण आधी डिकोडरच्या, म्हणजे इंजिनात बसणाऱ्या छोट्या सर्किटच्या, किमतींची तुलना करू लागतात. माझ्या मते तुलना इंजिनांच्या आतल्या रचनेची व्हायला हवी, कारण खर्च आणि कष्ट दोन्ही तिथेच ठरतात.

डीसीमध्ये रुळांवरचा व्होल्टेजच वेग ठरवतो, त्यामुळे एका रुळावरची सगळी इंजिने एकदमच हलतात. डीसीसीमध्ये रुळांवर सतत पूर्ण व्होल्टेज असतो, त्यातूनच संदेश जातात आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर फक्त आपल्या पत्त्याचा हुकूम पाळतो. ठाणे स्थानकात एक लोकल दिवे लावून फलाटावर उभी असते आणि पलीकडच्या मार्गावरून एखादी जलद गाडी न थांबता निघून जाते, हे रोजचे दृश्य डीसीवर उभे करायचे तर रुळांचे वेगळे भाग आणि स्विचांची जाळी लागते. डीसीसीत ते सहज जमते.

सॉकेट, म्हणजे डिकोडर लावण्याची तयार खाच, असलेल्या इंजिनाचे काम सोपे आहे. आठ पिनांचे, एकवीस पिनांचे किंवा छोट्या इंजिनांसाठीचे नेक्स्ट-१८ यांपैकी कोणते सॉकेट आहे ते पाहावे, त्यात डिकोडरऐवजी बसवलेला डमी प्लग काढावा आणि त्या जागी डिकोडर लावावा. डिकोडर इंजिनाच्या कवचाखाली मावतो की नाही, तेवढे आधी मोजून घ्यावे.

सॉकेट नसलेल्या जुन्या इंजिनाला मात्र वेळ द्यावा लागतो. लाल आणि काळी तार चाकांकडून येणारा प्रवाह घेते, नारिंगी आणि करडी मोटरला जाते, निळी दिव्यांची सामाईक तार असते, तर पांढरी पुढच्या आणि पिवळी मागच्या दिव्याची. तारा जोडणे अवघड नाही. मोटर चासीपासून (धातूच्या सांगाड्यापासून) विद्युतदृष्ट्या पूर्णपणे अलग करणे हे खरे काम आहे. अनेक जुन्या इंजिनांत चासी हीच एका बाजूची तार असते आणि मोटरच्या एका ब्रशची पट्टी तिला टेकलेली असते. ती पट्टी सोडवून मध्ये कॅप्टॉन टेप (उष्णता सहन करणारा विद्युतरोधक टेप) लावावा आणि मल्टिमीटरने मोटरचे दोन्ही टोक प्रत्येक बाजूच्या चाकांशी तपासावे. एकदाही बीप वाजता कामा नये. मी एकदा ही तपासणी मोटर सैल असताना केली, सगळे ठीक निघाले, पण नंतर स्क्रू घट्ट केल्यावर पट्टी पुन्हा चासीला टेकली आणि नवा डिकोडर रुळावर ठेवताच जळला. म्हणून स्क्रू आवळल्यानंतरची तपासणीच खरी मानावी, आणि पहिली चाचणी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डिकोडरचा पत्ता वगैरे ठरवण्याच्या वेगळ्या रुळावर) घ्यावी, कारण तिथे प्रवाह मर्यादित असतो.

दुसरी कसोटी मोटरच्या भुकेची. १२ व्होल्टवर अँमीटर जोडून चाके क्षणभर रोखून धरावीत. एचओ आकाराच्या (१:८७ प्रमाणातल्या) इंजिनांचे डिकोडर साधारण १ अँपिअरचे असतात. मोटर त्याहून जास्त ओढत असेल तर जुने चुंबक कमजोर झालेले असू शकते, आणि मग मोटर बदलण्याचा खर्चही हिशेबात धरावा लागतो.

आपल्याकडे आणखी एक मुद्दा पावसाळ्याचा आहे. खाडीकडच्या दमट हवेत रुळांवर आणि चाकांवर काळपट थर लवकर चढतो. क्षणभर संपर्क तुटला तरी डीसीचे इंजिन रेटून नेते. डिकोडर मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि आवाजाचा डिकोडर असेल तर इंजिन नव्याने सुरू होण्याचा आवाज येतो. जुन्या इंजिनांत चारच चाके प्रवाह घेत असतील, तर जास्तीचे पिकअप (चाकांवरून प्रवाह घेणाऱ्या पट्ट्या) किंवा संपर्क तुटल्यावर क्षणभर वीज पुरवणारा कीप-अलाइव्ह कपॅसिटर जोडल्याशिवाय समाधान मिळत नाही. नव्या इंजिनांत बहुतेक सगळी चाके हे काम करतात, आणि माझ्या दृष्टीने हा त्यांचा सर्वांत मोठा फायदा आहे.

बारीक तारा, श्रिंक ट्यूब आणि सोल्डरिंगचे सामान मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर मिळते. डिकोडर मात्र बहुधा बाहेरून मागवावा लागतो, म्हणून एक जळला तर नुकसान पैशांइतकेच वेळेचेही होते. आवाज हवाच असेल तर कारखान्यातूनच डिकोडर आणि स्पीकर बसवून आलेले इंजिन महाग असले तरी मी तेच सुचवीन, कारण स्पीकरला बंद पेटीची जागा लागते आणि जुन्या इंजिनात ती आतले धातूचे वजन कापूनच काढावी लागते.

एचओहून लहान अशा एन आकारातले, चासीचे दोन्ही अर्धे भाग प्रवाह वाहणारे जुने इंजिन असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये, नवे घ्यावे. एचओमधले मोटर सुस्थितीत असलेले, जिव्हाळ्याचे इंजिन मात्र जरूर डीसीसीसाठी बदलून घ्यावे, पण सॉकेट असलेल्या एखाद्या इंजिनावर हात बसल्यानंतरच. तोपर्यंत ते डीसीवरच चालवावे आणि डीसीसीच्या रुळांवर ठेवू नये. डिकोडरशिवाय तिथे उभ्या असलेल्या इंजिनाची मोटर गुणगुणत तापत राहते, आणि कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर असेल तर ती थोड्या वेळातच कायमची निकामी होऊ शकते.