‘अँटी-थेफ्ट’ म्हणून गळ्यात मारलेली साधी काळी फिल्म

गाडीच्या काचांना स्वतः लावायची ‘सिक्युरिटी फिल्म’ घ्यायच्या विचारात असाल, तर आधी हे वाचा. मला ऑनलाइन विकलेल्या किटच्या खोक्यावर फिल्मची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) ठळक छापली होती: ‘२०० मायक्रॉन. काच फुटली तरी चोराचा हात आत जाणार नाही.’

मागच्या दाराची काच फोडून चोराने लॅपटॉपची बॅग उचलून नेली. दाराच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात, तडकल्या की सगळ्या काचेचे बारीक दाणे होतात. फिल्म जाड असती तर ते दाणे धरून राहिले असते आणि चोराला आणखी चार घाव घालावे लागले असते. इथे ती मधोमध फाटलेली होती. लोंबणारी कड मी नुसत्या बोटांनी ओढली, तर वर्तमानपत्रासारखी टरकन फाटत गेली.

किटमधला उरलेला तुकडा लेथवर काम करणाऱ्या मित्राकडे मायक्रोमीटरवर मोजला. चिकट बाजूचं पारदर्शक अस्तर सोलून टाकल्यावर आकडा आला ४५ मायक्रॉन. ही तर उन्हासाठी लावतात ती साधी टिंट फिल्म! सिक्युरिटी फिल्म साधारण १०० मायक्रॉनपासून सुरू होते. फिल्म किती काळी आहे याचा जाडीशी काही संबंध नाही, जाड फिल्म पूर्ण पारदर्शकही मिळते.

विक्रेता म्हणतो, ‘तुम्ही नीट चिकटवली नसेल.’ नीट चिकटवून ४५ चे २०० कसे होतील? वॉरंटी मागितली, तर खोक्याच्या तळाची बारीक अक्षरं पुढे केली: अधिकृत फिटरने बसवली तरच वॉरंटी लागू. स्वतः बसवायचं किट म्हणून विकायचं आणि स्वतः बसवलंत म्हणून हात वर करायचे! सगळ्यात जास्त चीड मला याचीच आली. ही चूक नाही, ठरवून केलेली लूट आहे.

त्यांच्या जाहिरातीत हातोडा मारूनही काच जागची हलत नाही. व्हिडिओ थांबवून बघा, ती समोरची विंडशील्ड आहे. विंडशील्ड मुळातच लॅमिनेटेड, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली. फिल्म नसली तरी ती तशीच धरून राहते. दाराच्या काचेवरचा प्रयोग दाखवा म्हटलं, तर उत्तरच नाही.

खरी जाड फिल्मसुद्धा चोराचा फक्त वेळ खाते. तिची कड चौकटीला पक्की केलेली नसेल, तर फुटलेली अख्खी काच एकसंध आत ढकलता येते, आणि वर-खाली होणाऱ्या काचेला अशी कड बांधणं जमत नाही. त्यामुळे ‘चोरी अशक्य’ म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. अस्तर सोडून जाडी किती, हे बिलावर लिहून घ्या आणि लावण्याआधी तुकडा मोजा.

बिल, खोक्याचे फोटो आणि मोजलेला तुकडा जोडून मी तक्रार दिली आहे. बाकीच्या दारांवरची फिल्म हीट गनने गरम करून काढतोय. मागच्या काचेला मात्र हात लावलेला नाही. तिथे गोंदाबरोबर डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारांच्या, रेषा उखडून येतात, ते काम जाणत्या फिटरकडेच देणार आहे.