लीजचा बोजा की कोर्टातले दावे? शेअर घेण्याआधी दोन आकड्यांची तुलना

दोन कंपन्या समोर आहेत. दोघींचा धंदा चांगला, भावही आवाक्यातला. एकीच्या ताळेबंदात लीजचं, म्हणजे भाडेकरारांचं, देणं बँकेच्या कर्जापेक्षा मोठं दिसतं. दुसरीवर कर्ज जवळपास नाहीच, पण नोट्समध्ये (हिशेबाला जोडलेल्या टिपांमध्ये) खोलवर ‘कंपनीने देणे म्हणून मान्य न केलेले दावे’ अशी एक ओळ आहे आणि तिच्यासमोर डोळ्यांत भरणारा आकडा. घामाचे पैसे कुठे घालायचे?

माझं उत्तर आधीच सांगतो: बहुतेक वेळा पहिलीत. पण दोन्ही आकडे वाचायची रीत अगदी वेगळी आहे आणि एकाच फूटपट्टीने दोन्ही मोजले की फसगत होते.

आधी लीज. 1 एप्रिल 2019 पासून आपल्याकडे इंड-एएस 116 हे लीजच्या हिशेबाचं मानक (भारतीय लेखा मानक) लागू झालं. त्याआधी दुकानाचं, गोदामाचं, विमानाचं भाडं बहुधा फक्त खर्चात दिसायचं. पुढच्या वर्षांची बांधिलकी ताळेबंदाबाहेर राहायची. आता येत्या वर्षांच्या भाड्याची आजची किंमत काढून ती देणं म्हणून दाखवावी लागते. समजा, एका शोरूमचं भाडं वर्षाला 12 लाख, करार 9 वर्षांचा आणि व्याजदर 9 टक्के धरला. एकूण भाडं होतं 1 कोटी 8 लाख, पण ताळेबंदात देणं दिसेल साधारण 72 लाख. नफा-तोट्यात भाड्याची ओळ जाते आणि तिथे 8 लाख घसारा व पहिल्या वर्षी सुमारे साडेसहा लाख व्याज येतं, म्हणजे साडेचौदा लाख. प्रत्यक्षात खिशातून गेले 12 लाखच. शेवटच्या वर्षी हाच खर्च 9 लाखांवर येतो. म्हणून भराभर दुकानं उघडणारी साखळी कागदावर खऱ्यापेक्षा थोडी अशक्त दिसते. उलट तिचा एबिटा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) फुगलेला असतो, कारण भाडं त्यातून बाहेर पडलेलं असतं. ‘एबिटाच्या इतक्या पट भाव’ असं सांगत कुणी असा शेअर स्वस्त म्हणून पुढे केला, तर आधी भाडं वजा करून बघा.

लीजच्या आकड्यात एक गोष्ट गुंतवणूकदाराच्या बाजूची आहे, आणि तिच्याकडे फार कमी जण बघतात. दुकानांच्या करारात लॉक-इन, म्हणजे सोडून जाता येत नाही असा काळ, अनेकदा मोजक्याच वर्षांचं असतं. ते संपलं की नोटीस देऊन भाडेकरू निघू शकतो. पण कंपनीला तिथे टिकून राहण्याची वाजवी खात्री असेल, तर हिशेबात पुढची वर्षंही धरावी लागतात. म्हणजे ताळेबंदातलं देणं कायद्याने बांधलेल्या रकमेपेक्षा मोठं असू शकतं. याउलट विक्रीच्या टक्क्यांवर ठरणारं भाडं त्यात नसतं, आणि सही झालेले पण अजून सुरू न झालेले करारही नसतात. त्यांची माहिती नोट्समध्येच शोधावी लागते.

लीज जीव घेत नाही असं मात्र नाही. मुंबईच्या जेट एअरवेजचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. 2019 च्या सुरुवातीला भाडी थकली, एकेक विमान जमिनीवर आलं आणि 17 एप्रिल 2019 ला शेवटचं उड्डाण झालं. 7 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायचा आदेश दिला. विमान हातचं गेलं की तिकीट विकायला काही उरत नाही. शिवाय विमानांची भाडी डॉलरमध्ये आणि देशातल्या प्रवाशांचं तिकीट रुपयांत. रुपया घसरला की काहीही न करता देणं वाढतं. कपड्यांच्या दुकानाची लीज आणि विमानाची लीज एकाच तराजूत घालू नका, ते याचसाठी.

तरीही या देण्याची तारीख ठाऊक असते. पुढच्या वर्षी किती, पाच वर्षांत किती, याचा तक्ता तरलता जोखमीच्या नोटमध्ये छापलेला असतो, तोही व्याज न वजा करता. जे दिसतं त्याची तयारी करता येते. आणि अडचण आली तर समोरच्याशी बोलता येतं: 2020 च्या टाळेबंदीत अनेक मॉलमालकांनी भाडी सोडली किंवा कमी केली, इतकी की त्या सवलतींचा हिशेब सोपा व्हावा म्हणून जुलै 2020 मध्ये मानकातच दुरुस्ती करावी लागली. रिकामी जागा मालकालाही परवडत नाही.

दाव्यांचं तसं नाही. इथे इंड-एएस 37 हे दुसरं मानक चालतं आणि सगळा खेळ व्यवस्थापनाच्या अंदाजावर असतो. पैसे द्यावे लागण्याची शक्यता न लागण्यापेक्षा जास्त वाटली, तर तरतूद, म्हणजे नफ्यातून वजा. शक्यता आहे पण तितकी नाही असं वाटलं, तर फक्त नोट्समध्ये उल्लेख. अगदीच दूरची वाटली, तर उल्लेखसुद्धा नाही. एकच खटला कोणत्या खणात जाईल हे आधी कंपनीच ठरवते, तिच्या वकिलाच्या मताच्या आधारे.

हा अंदाज चुकला की काय होतं ते टेलिकॉममध्ये दिसलं. सरकारला द्यायच्या महसुलाच्या वाट्यात नेमकं काय काय मोजायचं, हा एजीआरचा (समायोजित सकल महसुलाचा) वाद दीड दशकाहून अधिक काळ चालला. 24 ऑक्टोबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपन्यांच्या विरोधात गेला आणि त्या एका तिमाहीत व्होडाफोन आयडियाने सुमारे 50,900 कोटींचा तोटा दाखवला. मला सर्वांत बोलका वाटतो तो दूरसंचार विभागाच्या एकूण मागणीचा तपशील: परवाना शुल्काच्या सुमारे 92,600 कोटींत मुद्दल फक्त 23,189 कोटी. बाकी व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज. नोटमधला आकडा मुद्दलाचा आहे की व्याजासकट, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्याच निकालाने भारती एअरटेललाही त्या तिमाहीत 23,045 कोटींचा तोटा झाला. विभागाच्या हिशेबाने, परवाना शुल्कासोबत स्पेक्ट्रम शुल्क धरून, एअरटेलकडे सुमारे 43,980 कोटी निघत होते, व्होडाफोन आयडियाकडे 58,254 कोटी. आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक नाही. पण एअरटेलने जानेवारी 2020 मध्ये बाजारातून 3 अब्ज डॉलर उभे केले आणि ती उभी राहिली. व्होडाफोन आयडियाला सवलती मिळाल्या, पण थकलेली देणी शेअरमध्ये बदलत एप्रिल 2025 मध्ये सरकारचा हिस्सा जवळपास 49 टक्क्यांवर गेला. कंपनी तगली, जुन्या भागधारकाचा वाटा मात्र आक्रसला. दावा किती मोठा आहे हे एकट्याने काहीच सांगत नाही. तो सोसायची ताकद किती आहे, ते बघावं लागतं.

प्रत्येक दावा खराही ठरत नाही. 2015 च्या मॅगी प्रकरणात केंद्र सरकारने नेस्ले इंडियाकडे जवळपास 640 कोटी मागितले होते. एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ती मागणी फेटाळली. करांच्या वादातही ‘विवाद से विश्वास’सारख्या योजना येतात आणि व्याज-दंडाची माफी मिळते. पण अशी योजना येईलच, या भरवशावर शेअर घेणं मला पटत नाही.

आता निवड. लीजवाल्या कंपनीत तीन गोष्टी बघा: धंद्यातून येणाऱ्या रोकडीतून लीजचं मुद्दल आणि व्याज वजा केल्यावर काही उरतं का (हे पैसे रोकड प्रवाहात ‘वित्तपुरवठा’ या भागात दाखवतात, त्यामुळे ‘फ्री कॅश फ्लो’चे, म्हणजे खर्च भागवून उरणाऱ्या रोकडीचे, तयार आकडे अनेकदा फसवे असतात), भाडं आणि उत्पन्न एकाच चलनात आहे का, आणि तोट्यातलं दुकान किती महिन्यांत बंद करता येतं. तिन्हींची उत्तरं बरी असली, तर ताळेबंदातल्या मोठ्या आकड्याला घाबरू नका.

दाव्यांच्या कंपनीत लेखापरीक्षकाच्या अहवालाला जोडलेलं कारोचं (लेखापरीक्षकाने काय काय नोंदवायचं हे ठरवणाऱ्या सरकारी आदेशाचं) परिशिष्ट उघडा. कोणत्या कायद्याखाली, कोणत्या वर्षांची, किती रक्कम, कोणत्या पायरीवर अडकली आहे, ते तिथे ओळीने दिलेलं असतं. दहा-बारा वर्षांचे छोटे छोटे अनेक वाद म्हणजे मोठ्या कंपनीचं रोजचं जिणं; त्यांची चिंता नको. एकच वाद, त्यावर सगळ्या उद्योगाचं लक्ष आणि समोर सरकार, असं असेल तर थांबा. माझा स्वतःचा नियम असा: असा एक दावा व्याजासकट कंपनीच्या नक्त मालमत्तेच्या (सगळी देणी वजा करून उरणाऱ्या मालमत्तेच्या) चौथाईपेक्षा मोठा असेल, तर शेअर कितीही स्वस्त वाटो, निकालापर्यंत हात लावायचा नाही. निकाल बाजूने लागल्यावर भाव चढलेला असेल. तो चढलेला भाव मी आनंदाने देईन.

बँकांना मात्र ही मोजपट्टी लावू नका. त्यांच्या संभाव्य देण्यांचा आकडा अवाढव्य असतो, पण त्यात परकीय चलनाचे वायदे आणि ग्राहकांसाठी दिलेल्या हमी असतात, कोर्टकज्जे त्यातला छोटा भाग.