ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता, तरी पैसे गेले

मामांच्या स्कूटरवर हेल्मेटचा दंड थकला होता आणि ते त्यांना ठाऊक होतं. पुण्यात कुणाच्या गाडीवर नसतो? चौकातला कॅमेरा फोटो काढतो, मेसेज येतो आणि 'लोकअदालत लागली की बघू, तिथे कमी होतो' म्हणत माणूस विसरून जातो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, भामटे त्याच्यावरच जगतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: चलान थकलंय, आजच भरा, नाहीतर लायसन्स रद्द. खाली 'आरटीओ चलान' नावाची फाइल. पाठवणारे कोण, तर सोसायटीतलेच एक ओळखीचे गृहस्थ. त्यांचा फोन आधीच या टोळीच्या ताब्यात गेला होता, हे मामांना कसं कळणार?

फाइल एपीके होती, म्हणजे चक्क एक अ‍ॅप. 'हे अ‍ॅप धोकादायक असू शकतं' असं फोन सांगत होता, पण घाईत कोण वाचतंय. अ‍ॅप उघडलं तर वर तीन सिंहांचं चिन्ह. आधी एसएमएस वाचायची परवानगी मागितली, मग पडताळणीसाठी फक्त 1 रुपया भरा म्हणून कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे. त्यानंतर स्क्रीनवर चाक फिरत राहिलं, 'सर्व्हर व्यस्त आहे'. मामा चहा प्यायला उठले. रात्रीपर्यंत खात्यातून 48,000 रुपये गेले.

"अरे, मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही!" मामा पुनःपुन्हा हेच म्हणत होते, आणि ते खरंच होतं. ओटीपी सांगू नका, हे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण इथे विचारलंच नाही कुणी. बँकेचे मेसेज ते अ‍ॅप परस्पर वाचून पुढे पाठवत होतं, फोन साधा वाजलाही नाही.

खरं चलान बघायचं तर महाट्रॅफिक अ‍ॅप प्ले स्टोअरवरून घ्या, नाहीतर परिवहन खात्याचं ई-चलान संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडा. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकले की थकबाकी आणि बहुतेक वेळा फोटोसुद्धा दिसतो. मामांचं तिथे निघालं अवघं 500 रुपयांचं. पोलीस असोत की आरटीओ, दंडासाठी एपीके कुणीही पाठवत नाही.

अशी फाइल दाबली गेलीच, तर आधी फोनचं नेट बंद करा, सिम काढा आणि दुसऱ्या फोनवरून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि बँकेला कळवा. मामांनी सकाळची वाट पाहिली, तिथेच घात झाला. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात पडलेले पैसे कधी कधी गोठवता येतात. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डाची माहिती ग्राहकाच्या हातून गेली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्याच माथी, कळवल्यानंतरचं बँकेच्या. तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

दरम्यान मामांच्या नंबरावरून तीच फाइल सगळ्या नातेवाइकांना गेली होती. आम्ही एकेकाला फोन करत बसलो, तोवर नागपूरच्या मावशींनी ती उघडलीही होती. त्यांच्याकडे आयफोन, त्यावर एपीके चालत नाही, म्हणून बचावल्या.