टर्मिनलमधील ओव्हरले आणि टायमर : टीमक्स, वेझटर्म की किटी?

टर्मिनलवर दिवसभर काम करणाऱ्याला आज ना उद्या दोन गोष्टी हव्याशा वाटू लागतात. एक म्हणजे चालू कामाच्या वर क्षणभर उमटून काही सांगणारी किंवा विचारणारी चौकट, अर्थात ओव्हरले. आणि दुसरी म्हणजे ठरल्या वेळी ती चौकट उघडणारा किंवा स्टेटस पट्टीवर उरलेली मिनिटे दाखवणारा टायमर. दोन्ही गोष्टी आज लहानशा स्क्रिप्टने साधतात, आणि टीमक्स, वेझटर्म व किटी यांपैकी कोणते साधन घ्यावे याची चर्चा बहुधा दिसण्यावर, वेगावर किंवा स्क्रिप्टच्या भाषेवर येऊन अडकते. माझ्या मते पहिला निकष असा असावा, की टायमर कोणत्या यंत्रावरील कोणत्या प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये, चालतो आणि ती प्रोसेस बंद पडली तर त्याचे काय होते.

गोव्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. पावसाळ्यात डिचोली, सत्तरी किंवा पेडणे भागात तारांवर झाड कोसळले की वीज जाते, तिच्यापाठोपाठ घरचा राउटर बंद पडतो आणि मुंबईतील सर्व्हरवर उघडलेले एसएसएच सेशन, म्हणजे दूरच्या यंत्राशी असलेली जोडणी, तुटते. पर्वरीच्या कार्यालयात इन्व्हर्टर असतो. म्हापशात घरून काम करणाऱ्याकडे तो असेलच असे नाही. अशा वेळी लॅपटॉपच्या बॅटरीवर टर्मिनल आणि त्यातील टायमर सुखाने चालू राहतात, पण ज्या कामासाठी टायमर लावला ते काम दुसऱ्या टोकाला केव्हाच बंद पडलेले असू शकते.

टीमक्स हा एम्युलेटर, म्हणजे पडद्यावर टर्मिनलची खिडकी उघडणारा प्रोग्रॅम, नव्हे. तो मल्टिप्लेक्सर आहे, म्हणजे एका टर्मिनलमध्ये अनेक सेशन चालवतो आणि जोडणी तुटली तरी ती चालू ठेवतो, आणि सहसा दूरच्या सर्व्हरवरच चालवला जातो, म्हणून वरील निकषावर तो सर्वांत आधी उतरतो. त्यात मेनूची सोय 2019 मधील 3.0 या आवृत्तीत आली आणि खरी तरंगती चौकट, म्हणजे डिस्प्ले-पॉपअप ही कमांड, 2021 मधील 3.2 मध्ये आली. या चौकटीत कोणताही प्रोग्रॅम चालवता येतो, तिची रुंदी आणि उंची टक्क्यांत सांगता येते, आणि योग्य तो फ्लॅग, म्हणजे कमांडला जोडायचा पर्याय, दिला तर आतील प्रोग्रॅम संपताच ती आपोआप मिटते. टायमरसाठी रन-शेल या कमांडला विलंबाचे सेकंद देता येतात. मात्र सोबत बॅकग्राउंडचा फ्लॅग द्यावा, नाहीतर पुढच्या कमांड तोवर खोळंबतात. स्टेटस पट्टी मुळात दर 15 सेकंदांनी ताजी होते, त्यामुळे उरलेले सेकंद मोजून दाखवायचे असतील तर हा अवधी कमी करावा लागतो. तसा तो करण्याची गरज मला फारशी वाटत नाही, कारण बॅकअपला उरलेला वेळ मिनिटांत कळला तरी पुरतो.

टीमक्सच्या दोन मर्यादा आधीच माहीत असलेल्या बऱ्या. पॉपअप जोडलेल्या क्लायंटच्या, म्हणजे सेशनला त्या वेळी जोडलेल्या टर्मिनलच्या, पडद्यावर उमटतो. वीज गेल्यामुळे कोणी जोडलेलेच नसेल तर टायमर वेळेवर संपेल, पण चौकट दाखवायला पडदा नसेल. म्हणून टायमरने आपला निकाल एखाद्या फाइलमध्येही लिहावा आणि परत जोडणी होताच ती वाचावी. दुसरी मर्यादा आवृत्तीची. उबुंटू 20.04 वर टीमक्स 3.0ए मिळतो, त्यात पॉपअप नाही, 22.04 वर 3.2ए मिळतो, त्यात आहे. जुन्या सर्व्हरवर सगळी स्क्रिप्ट लिहून झाल्यावर हे कळणे म्हणजे वरातीमागून घोडे. आणि सर्व्हरच रीबूट झाला तर टीमक्समधील टायमरही जातो. तेवढे टिकाऊ काम सिस्टमडीच्या टायमरकडे किंवा क्रॉनकडे, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या लिनक्सच्याच सोयींकडे, सोपवावे आणि टीमक्सने केवळ सूचना दाखवावी.

वेझटर्मची बाजू वेगळी आहे. वेझ फर्लाँग यांनी रस्ट या भाषेत लिहिलेल्या या एम्युलेटरची कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, हाच ल्युआ या भाषेतील एक प्रोग्रॅम असतो, आणि लिनक्स, मॅक व विंडोज या तिन्हींवर ती फारशी न बदलता चालते. ज्या कार्यालयात हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे विंडोज सोडता येत नाही, तिथे एवढा एकच मुद्दा निवडीला पुरतो. ठरावीक सेकंदांनंतर एखादे फंक्शन चालवणारे कॉल-आफ्टर त्याच्या टाइम मॉड्यूलमध्ये तयार आहे. स्टेटस ताजा करणारी घटना (इव्हेंट) मुळात दर 1000 मिलिसेकंदांनी घडते. आणि यादीतून निवड करवणारी, एक ओळ लिहून घेणारी अशी ओव्हरले अंगचीच मिळतात. मात्र ही ओव्हरले ठरावीक घडणीची असतात. ल्युआमधून पडद्याच्या कोपऱ्यात हवी तशी चौकट रेखाटता येईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

वेझटर्ममध्ये टायमर लिहिताना एक खाच लक्षात ठेवावी लागते. कॉन्फिग फाइल एकदाच चालते असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती अनेकदा वाचली जाते, आणि फाइल जतन केली की पुन्हा वाचली जाते. म्हणून फाइलच्या मुख्य ओघातच टायमर सुरू केला तर एकाचे दोन-तीन टायमर होतात आणि एकच सूचना लागोपाठ उमटत राहते. यावरील सरळ उपाय असा की टायमर एखाद्या घटनेच्या किंवा की-बाइंडिंगच्या (कळ दाबल्यावर चालणाऱ्या) फंक्शनमध्येच सुरू करावा, आणि उरलेले सेकंद मोजत न बसता संपण्याची नेमकी वेळ ग्लोबल नावाच्या सामायिक टेबलमध्ये ठेवावी. स्टेटसची घटना दर वेळी त्या वेळेतून आत्ताची वेळ वजा करते आणि उरलेली मिनिटे दाखवते. लॅपटॉप मिटून कोणी जेवायला गेले आणि तासाने परतले, तरी आकडा बरोबरच निघतो. सेकंदागणिक एक उणे करणारी स्क्रिप्ट अशा वेळी हटकून मागे पडते. वेझटर्म पूर्ण बंद केला की हे टेबलही जाते, हे विसरू नये. शिवाय त्याची शेवटची स्थिर आवृत्ती फेब्रुवारी 2024 ची आहे आणि त्यानंतरच्या सुधारणा नाइटली, म्हणजे रोजच्या चाचणी, आवृत्त्यांत मिळत आल्या आहेत; कार्यालयातील दहा यंत्रांवर ते बसवायचे असेल तर याचा विचार करावा.

ओव्हरलेच्या बाबतीत मला किटी सर्वांत सरस वाटतो. कॅलिबर हे ई-पुस्तकांचे सॉफ्टवेअर लिहिणारे कोविद गोयल हेच याचेही कर्ते आहेत. लॉन्च या कमांडला ओव्हरलेचा प्रकार सांगितला की चालू खिडकीवर दुसरा संपूर्ण प्रोग्रॅम येतो, खालचा प्रोग्रॅम चालूच राहतो आणि वरचा संपताच खालचा पडदा जसाच्या तसा दिसतो. किटन नावाचे छोटे पायथन प्रोग्रॅम याच ओव्हरलेमध्ये चालतात. त्यांचे दोन भाग असतात: पहिला वापरणाऱ्याशी बोलतो, दुसरा मिळालेले उत्तर मुख्य प्रोसेसमध्ये अमलात आणतो. सर्व्हरची यादी दाखवून निवडलेल्या सर्व्हरवर नवा टॅब उघडणे यासारख्या कामाला ही विभागणी फार सोयीची पडते.

टायमरच्या बाजूला मात्र किटी उणा आहे. सानुकूल टॅब पट्टी लिहिणारे अनेक जण किटीच्या अंतर्गत मॉड्यूलमधील ॲड-टायमर वापरतात आणि तो चालतोही, पण ते अंतर्गत फंक्शन आहे. पुढच्या आवृत्तीत ते बदलले तर तक्रार करता येणार नाही. काम संपल्यावर सूचना हवी एवढाच हेतू असेल तर टायमरची गरजच नाही, कारण खिडकी समोर नसताना लांबलेली कमांड संपली की सूचना देण्याची सेटिंग किटीत आहे. दुसरी सावधगिरी रिमोट कंट्रोलची, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने किटीला कमांड देण्याच्या सोयीची. ते सरसकट चालू केले तर त्या खिडकीत चालणारा कोणताही प्रोग्रॅम, अगदी एसएसएचच्या पलीकडचाही, तुमच्या टर्मिनलला हुकूम देऊ शकतो. म्हणून ते सॉकेटपुरते किंवा पासवर्डपुरते मर्यादित ठेवावे. आणि किटी विंडोजवर चालत नाही.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. झेलिज या टीमक्ससारख्या मल्टिप्लेक्सरमध्ये तरंगती पॅन (चौकटी) अंगचीच आहेत, प्लगइन वेबअसेंब्ली या बंदिस्त कोड-स्वरूपात चालतात, त्यांना परवानगी मागावी लागते आणि टायमर हा प्लगइनच्या अधिकृत एपीआयचाच भाग आहे. रचना सर्वांत नीटस आहे, पण वीस मिनिटांच्या आठवणीसाठी रस्टचा प्रकल्प कंपाइल करणे मला तरी जड वाटते. मॅकवाल्यांसाठी आयटर्म2 चा पायथन एपीआय समर्थ आहे. अलाक्रिटी आणि घोस्टी या एम्युलेटरांत अशी स्क्रिप्टिंगची सोय नाही. ते आवडत असतील तर आत टीमक्स चालवावा.

मराठीत सूचना लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. ‘फोंडा शाखेचा बॅकअप तपासा’ ही ओळ पडद्यावर किती घरे (अक्षरांच्या जागा) व्यापते, याबद्दल टीमक्स आणि बाहेरचा एम्युलेटर यांचे एकमत होईलच असे नाही, कारण मात्रा आणि जोडाक्षरे प्रत्येक जण आपापल्या रीतीने मोजतो. मतभेद झाला की पॉपअपची उजवी कड त्या ओळीपुरती सरकते. वेझटर्म आणि किटी जोडाक्षरे नीट जुळवतात, अलाक्रिटी जुळवत नाही. टीमक्स 3.3 पासून पॉपअप बिनकडेचा उघडता येतो. देवनागरीसाठी मी तोच सुचवेन.

सर्व्हरवरचे काम आणि विजेचा भरवसा नाही अशी स्थिती असेल, तर टीमक्स घ्यावा आणि एम्युलेटर कोणताही चालेल. सगळे काम लॅपटॉपवरच होत असेल आणि विंडोज टाळता येत नसेल, तर वेझटर्म. लिनक्स किंवा मॅकवर संवाद साधणारी ओव्हरले महत्त्वाची असतील, तर किटी. सर्व्हर आणि लॅपटॉप या दोन्हींचा मेळही घालता येतो: सर्व्हरवरची स्क्रिप्ट काम संपताच एस्केप सिक्वेन्सने, म्हणजे टर्मिनलला उद्देशून पाठवलेल्या खास अक्षरांच्या मालिकेने, एक युजर व्हेरिएबल पाठवते, त्याचे मूल्य बेस64 या मजकूर-संकेतात असते, आणि वेझटर्मची घटना किंवा किटीचा वॉचर (खिडकीतील घडामोडींवर लक्ष ठेवणारी स्क्रिप्ट) ते टिपून लॅपटॉपवर सूचना दाखवतो. मध्ये टीमक्स 3.3 किंवा पुढचा असेल तर पासथ्रूची, म्हणजे ती सिक्वेन्स न अडवता पुढे जाऊ देण्याची, परवानगी द्यावी लागते, कारण ती मुळात बंद असते. चवथीच्या सुट्टीत कोणी जोडलेले नसताना पाठवलेली सिक्वेन्स वाया जाते, तेव्हा निकालाची फाइल या व्यवस्थेतही ठेवावीच लागते.