पाहुण्यांची पडताळणी करणारं ॲप: काही महिने वापरल्यावर

सुट्टीसाठी घर भाड्याने देणाऱ्या बऱ्याच जणांना बुकिंग साइटवरची ‘ओळख पडताळली’ ही खूण पुरेशी वाटते. पण ती खूण बुकिंग करणाऱ्या एकट्याची. त्याच्यासोबत कोण येणार, हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून मी वेगळं ॲप जोडलं.

बुकिंग पक्कं झालं की पाहुण्याला लिंक जाते. तो ओळखपत्राचा फोटो आणि सेल्फी देतो, कार्डावर डिपॉझिटची रक्कम नुसती अडवून ठेवली जाते. हे झाल्याशिवाय दाराचा कोड मिळत नाही. मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच: पूर्वी लोक ओळखपत्रं चॅटवर पाठवायचे आणि ती माझ्या गॅलरीत पडून राहायची. परक्यांची कागदपत्रं सांभाळायची नसती जबाबदारी! आता मला फक्त निकाल दिसतो.

डोकेदुखी नावांची. ओळखपत्रावर आडनाव आधी, बुकिंगवर नंतर, की लगेच लाल शेरा. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांचीही तीच गत. ॲपच्या मदत विभागाचं उत्तर येईपर्यंत पाहुणे दारात उभे असतात, मग कोड शेवटी मीच हाताने पाठवते. डिपॉझिटमध्येही एक मेख आहे. अडवलेली रक्कम काही दिवसांनी आपोआप सुटते, त्यामुळे मुक्काम लांबला तर चेक-आउटच्या आधीच ती गेलेली असते. ॲपमध्ये हे ठळकपणे कुठेच लिहिलेलं नाही. लांबच्या मुक्कामाला मधेच पुन्हा रक्कम अडवावी लागते.

आणि ओळख खरी असली म्हणून येण्याचं कारण खरं असेलच असं नाही. २०१९ च्या हॅलोविनला कॅलिफोर्नियात ओरिंडा इथे भाड्याच्या घरातल्या पार्टीत गोळीबार होऊन पाच जण गेले. घर घेताना वणव्याच्या धुराचा त्रास होणाऱ्या कुटुंबाचं कारण सांगितलं होतं, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. सेल्फी जुळवून हे कसं कळणार? एअरबीएनबी या बुकिंग साइटने ऑगस्ट २०२० मध्ये पार्ट्यांवर बंदी घातली, जून २०२२ मध्ये ती कायमची केली. तरी किती जण येणार, कशासाठी, हे मी बुकिंग घेण्याआधी विचारतेच, आणि तेही साइटच्याच चॅटवर, म्हणजे वाद झाला तर लेखी राहतं. उत्तर द्यायला टाळाटाळ करणारे बहुतेक तिथेच गळतात.

एअरबीएनबीवर एप्रिल २०२४ च्या अखेरीपासून घरात कॅमेरा चालत नाही. आवाजाची पातळी मोजणारा सेन्सर चालतो, पण तो सामायिक खोलीत हवा आणि पाहुण्यांना आधी सांगायला हवा. तो बोलणं रेकॉर्ड करत नाही, हेही मी लिहून देते. नाहीतर लोक बिचकतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

नेहमीच्या पाहुण्यांसाठी पडताळणी बंद ठेवायची सोय ॲपमध्ये नाही. दर खेपेला पुन्हा सेल्फी मागायची मला लाज वाटते. ती सोय येईपर्यंत वर्गणी महिन्याचीच ठेवणार, वर्षाची नाही.