मादी म्हणून नर गळ्यात मारला, ४०,५०० रुपये गेले

बॉल पायथन या पाळीव सापाच्या ब्रीडिंगसाठी जोडी शोधताय? आधी हे वाचा, मग पैसे पाठवा.

माझ्याकडे रीतसर नोंदलेला पाईड, म्हणजे अंगावर मोठे पांढरे भाग असलेला, नर आहे. त्याला हेट पाईड मादी हवी होती, म्हणजे पाईडचं जनुक अंगात असलेली पण रंगात न दिसणारी; अशा जोडीची साधारण निम्मी पिल्लं पाईड निघतात. हेट साप नुसता बघून ओळखू येत नाही, सगळा भरवसा विकणाऱ्याच्या शब्दावर. मी काही डोळे झाकून घेतलं नाही. आई-बापाचे व्हिडिओ, सरकारी परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचा कागद, काट्यावर १,६०० ग्रॅम, सगळं मागून घेतलं. स्पायडर (जाळीसारख्या नक्षीचा प्रकार), हेट पाईड, मादी: ३८,००० आणि पोहोचवायचे २,५००. त्यातले १२,५०० आधी ऑनलाइन, उरलेले २८,००० रोख.

पहाटे साडेपाचला पुणे नाक्यावर ट्रॅव्हल्समधून उतरलेल्या पोराने पिशवी दिली. मोबाईलच्या उजेडात गाठ सोडली. साप वेटोळं करून बसला होता. त्याने डोकं वर काढलं आणि ते मागे मागे वळत गेलं, पार हनुवटी वर येईपर्यंत. पोरगा म्हणाला, "रात्रभर गाडीत होता दादा, गरगरतंय त्याला." त्या क्षणी २८,००० माझ्याच खिशात होते! स्पायडर जनुकासोबत हा तोल जाण्याचा दोष येतोच, कुणात कमी, कुणात जास्त, हे मला चांगलं माहीत होतं. कमी असेल तर सांभाळू, असं धरून चाललो होतो. पण हे कमी नव्हतं, आणि मला ते दिसलं होतं. गाडी हॉर्न मारत होती, महिनाभर वाट पाहिली होती, नोटा मोजून दिल्या.

आठवड्याने डॉक्टरांकडे प्रोबिंग केलं, म्हणजे शेपटीच्या मुळाशी बारीक सळई घालून नर की मादी ते बघितलं. सळई नऊ खवले आत गेली. मादीत तीन-चारवर अडते. नर! प्रोबिंग स्वतःसमोर करून घ्या, व्हिडिओवर नाही. नोंदणीचा क्रमांकही खोटा निघाला. पैसे देण्याआधी तो तपासा, मी नंतर तपासला.

पोलिसांत तक्रारीला गेलो तर पहिला प्रश्न, "अजगर पाळायची परवानगी आहे का?" हा आफ्रिकेतला साप, आपला अजगर नव्हे, हे तीनदा सांगितलं. २०२२ च्या दुरुस्तीने हे विदेशी प्राणी वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले, २०२४ पासून नोंदणीचे नियम आहेत, हे त्यांना मी सांगायचं? तिथून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. ते म्हणाले, फसवणूक म्हणजे पोलिसांचं काम. परत पोलीस. रोख दिल्याची पावती कुठंय? चार हेलपाटे, दोन दिवसांचा पगार कापला, आणि वर नोंद नसलेला साप ठेवला म्हणून मलाच दम. लुटला गेलेला माणूस समोर बसलाय आणि हे त्यालाच आरोपी करतात!

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. मी आठवडा घालवला. रोख तर देऊच नका.

साप माझ्याकडेच आहे. उंदीर चिमट्यात धरला की दोनदा झेप चुकते, तिसऱ्यांदा पकडतो. विकणाऱ्याचा नंबर बंद आहे, पण काट्यावरचा तोच फोटो परवा एका ग्रुपवर पुन्हा दिसला. मादी, ४२,०००.